तीन लॅपटॉप आणि एक कडी

माझे सासरे झाडूसुद्धा तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय घेत नाहीत. पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या खरेदी विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. तिथला नियम असा की तीन कोटेशनं आल्याशिवाय साधा वॉशरही विकत घ्यायचा नाही. निवृत्त होताना लोक घड्याळ घरी आणतात, आमच्या बाबांनी हा नियम आणला. घरात पंखा आला तो तीन कोटेशनांनंतर, गादी आली ती तीन कोटेशनांनंतर, आणि मी आले तीही तशीच, असं माझा नवरा म्हणतो. बाकीची दोन स्थळं कोणती होती ते मात्र तो अजून सांगत नाही.

मी त्यांच्यावर किती चिडले होते ते आधी सांगते. ते सांगितल्याशिवाय मी त्यांची किती ऋणी आहे ते कुणाला कळायचं नाही.

तर अशा घरात माझा कंप्युटर मेला. होताच तो जुनापुराणा, माहेरून आणलेला. एके सकाळी बटण दाबलं तर स्क्रीन निळी झाली, मग काळी झाली, मग काहीच होईना. दुरुस्तीवाल्यानं झाकण काढून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, याच्यावर आता खर्च करू नका." त्याला हवं असतं तर दोन-चार सुटे भाग माझ्या गळ्यात मारता आले असते. त्यानं तसं केलं नाही, त्याचेही आभारच मानायला हवेत.

एरवी मी चार दिवस हळहळून गप्प बसले असते. पण त्याच आठवड्यात मॅडमचा फोन येऊन गेला होता. मॅडम म्हणजे मी ज्यांच्या ऑफिसात नोकरी करायचे त्या आर्किटेक्ट. मी त्यांच्याकडे ड्रॉइंग काढायचे. जिने, खिडक्या, बाथरूमचे नळ कुठून जाणार, थोडक्यात इमारत बघायला आलेला माणूस ज्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही ते सगळं माझ्याकडे. चिमणी झाली आणि नोकरी सुटली. चिमणी म्हणजे माझी मुलगी. 'वर्षभरात येते' असं सांगून मी निघाले होते, आणि चिमणी शाळेत जायला लागली तरी गेले नव्हते.

मॅडमनी फोनवर पाल्हाळ लावलं नाही. "एका दवाखान्याची इमारत आहे. जिन्याच्या ड्रॉइंगचा सगळा संच घरून करून दे. जमलं तर पुढेही घरूनच काम देत जाईन. नाही जमलं तर मोकळेपणानं सांग. नवी मुलं दारात उभी आहेत, पण जिना तुझ्यासारखा कुणी काढत नाही म्हणून आधी तुला विचारतेय."

त्या एका वाक्यावर मी दोन दिवस हवेत होते. पण हेही स्वच्छ दिसत होतं की ही संधी गेली तर पुन्हा कुणी मला विचारणार नाही. इतकी वर्षं घरी बसलेल्या बाईला कोण दुसऱ्यांदा फोन करतं?

म्हणून जेवायला बसल्यावर मी म्हटलं, "मी लॅपटॉप घेते. उद्याच. माझे थोडे पैसे साठलेले आहेत."

बाबांनी घास खाली ठेवला. "छान. घेऊ या. हा माल किती कंपन्या बनवतात, सूनबाई?"

माझा नवरा ताटाकडे बघत पुटपुटला, "टाइपरायटर."

टाइपरायटर ही आमच्या घरातली ठसठसती जागा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. त्या टायपिंग शिकलेल्या होत्या. त्यांना घरबसल्या टायपिंगचं काम घ्यायचं होतं. बाबांनी रीतसर तीन कोटेशनं मागवली, तिन्ही मशिनांवर बोटं आपटून पाहिली आणि त्यातलं उत्तम मशिन घरी आणलं. आणि ते चाललं नाही. म्हणजे बिघडलं असंही नाही. मेकॅनिक येऊन गेला, त्याला दोष सापडला नाही. सासूबाईंनी थोडे दिवस काम केलं, मग कमी केलं, मग मशिन कपाटावर गेलं ते गेलंच. बाबांच्या आयुष्यात फसलेली ही एकच खरेदी. त्या कंपनीचं नाव निघालं की ते अजूनही मान हलवतात आणि "माल बोगस होता, पण कुठे ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही" म्हणतात. माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं की एका नियमाचं घरभर स्तोम माजलं ते तेव्हापासून.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. मी बाबांना नेलं असं म्हणणं चुकीचं ठरेल, तेच मला घेऊन गेले. विक्रेता गळ्यात पट्टा अडकवून पुढे आला आणि कोअर, रॅम, पिढी कितवी वगैरे धडाधड बोलायला लागला. बाबांनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "याचं झाकण किती वेळा उघडलं की बिजागरी ढिली होते?"

"काका, अजून तरी कुणाची तक्रार नाही."

"तक्रार नाही हे उत्तर नाही. कुणी तपासलंय का?" विक्रेत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "वजन किती? चार्जर धरून सांगा. चार्जर काय माणूस खिशात घालून फिरतो?"

मग त्यांनी बॅटरी बदलून मिळते का, ती कोण बदलतो, कीबोर्डचं एक बटण तुटलं तर एकच बटण मिळतं की अख्खा कीबोर्ड घ्यावा लागतो, हे सगळं विचारलं. प्रत्येक कंपनीच्या किमतीला ती वस्तू किती वर्षं टिकेल त्यानं भागलं आणि भागाकार मनातल्या मनात ठेवला. खरं सांगायचं तर प्रश्न चांगले होते. मी एकटी गेले असते तर रंग बघून घेतला असता. पण तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, कारण संध्याकाळी आम्ही हात हलवत परत आलो. बाबा म्हणाले, "दुकानात उभं राहून काय कळणार? सॅम्पल मागवू. वापरून बघू."

"बाबा, हे काही बेअरिंग नाही," मी म्हटलं.

"बेअरिंगपेक्षा महाग आहे," ते म्हणाले. "म्हणजे जास्तच बघायला हवं."

आणि खरोखर आठवड्याच्या आत आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन लॅपटॉप येऊन बसले. लॅपटॉपची खरेदी कारखान्याच्या रीतीनं करणारं जगात आमचं एकच घर असेल.

पहिला चंदेरी, पातळ, महागडा. तो माझ्या नणंदेच्या नवऱ्याचा. त्यांना ऑफिसातून दुसरा मिळाला होता, म्हणून बाबांनी फोन करून चक्क मागून घेतला. तो दुसऱ्या कुणाच्या वायरीवर चार्ज होत नसे, गरम जागेवर ठेवलेला त्याला खपत नसे आणि त्याला हात लावायच्या आधी सगळे हात पुसत. त्याचं नाव जावई पडलं. दुसरा काळा, जाडजूड. कंपन्या वापरून टाकतात ती मशिनं नीट करून विकणाऱ्या दुकानातला, नको असेल तर आठवड्यात परत देण्याच्या बोलीवर आणलेला. उचलताना कमरेत वाकावं लागे आणि वायर काढली की चहा होईपर्यंतसुद्धा तग धरत नसे. त्याचं नाव पैलवान. तिसरा करड्या प्लास्टिकचा, नवाकोरा आणि स्वस्त, तोही दुकानातून परतीच्या बोलीवर. बटण दाबलं की टुणकन जागा होई, पण मोठं ड्रॉइंग उघडलं की त्याचा पंखा घरघर करत जीव टाकल्यासारखा फिरे. त्याला नवऱ्यानं होतकरू म्हणायला सुरुवात केली.

सॉफ्टवेअरचं लॉगिन मॅडमनी दिलं होतं, त्यामुळे कुठल्याही मशिनवर बसून काम करता येत होतं. बाबांनी पाळ्या लावून दिल्या. एकेका मशिनवर थोडे थोडे दिवस. मी एकाच ड्रॉइंगवर काम करत राहायचं आणि त्यांनी बाजूला बसून बघायचं.

पहिल्या दिवसापासून माझं मन जावयावर बसलं. का, तर हलका. माझं काम कसं चाले ते सांगते. सकाळी नवरा आणि चिमणी गेले की मी टेबलाशी बसायचे. दूध तापायला ठेवलं की लॅपटॉप उचलून ओट्यापाशी. चिमणी शाळेतून आली की तिच्याबरोबर पलंगावर. जेवायची वेळ झाली की टेबल रिकामं करायचं म्हणून पुन्हा उचलायचा. जावई काखेत मारून मी घरभर फिरायचे, त्याची बॅटरी दिवसभर पुरायची आणि कुठे वायर लावायला नको. पैलवानाला घेऊन एकदा ओट्याशी गेले तर वायर सुटून तो पटकन बंदच पडला. होतकरू उचलायला बरा, पण त्याची बॅटरी दुपारपर्यंत मान टाकायची.

"जावयासारखाच घेऊ या," मी दोन-तीनदा सुचवून पाहिलं.

"किंमत बघितलीस?" बाबा म्हणाले. "त्या पैशात पैलवान दोन येतील आणि वर खुर्ची येईल."

"पण पैलवान मला उचलवत नाही, बाबा."

"हं," ते म्हणाले. तेवढंच.

इकडे दिवस जात होते आणि जिना काही वर चढत नव्हता. जिन्याचं ड्रॉइंग लोकांना सोपं वाटतं. सोपं काही नसतं. वरून दिसणारा प्लॅन आणि बाजूनं कापून दाखवलेला सेक्शन, दोन्हीकडे पायऱ्या तितक्याच आल्या पाहिजेत, प्रत्येक पायरीची उंची सारखी आली पाहिजे, नाहीतर माणूस तोंडावर आपटतो. दवाखान्याच्या जिन्यावरून तर आजारी माणसं चढणार. हे काम एका बैठकीत, डोक्यात सगळा जिना उभा धरून करायचं असतं. मी मात्र ते तुकड्यातुकड्यांत करत होते. चार रेघा मारल्या की कुणाचा तरी मोजा हरवायचा.

पहिले दोन मजले मी पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. मी ओट्याशी उभी होते, जावई बाजूला उघडा होता.

"दुसऱ्या मजल्याला प्लॅनमध्ये अकरा पायऱ्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "सेक्शनमध्ये दहा. एक पायरी कुठे गेली?"

असली चूक मी शिकाऊ असतानाही केली नव्हती. "मॅडम, ते सध्या जरा वेगवेगळ्या मशिनवर काम करतेय, घरी तीन लॅपटॉप आलेत, त्यामुळे..."

"मशिन पायरी खात नाही गं." आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "हे साइटवर गेलं असतं तर? ऐक. सोमवारी मला पूर्ण संच हवा, तपासलेला. त्यात काही निघालं तर मी हे काम दुसऱ्याला देणार. तुझ्यावर राग नाही, पण मला इमारत उभी करायचीये."

फोन ठेवला आणि सगळा राग जवळच्या माणसावर निघाला. बाबा नेहमीसारखे टेबलाच्या टोकाला पेपर घेऊन बसले होते.

"झालं समाधान?" मी म्हटलं. "तुमच्या तीन कोटेशनांपायी माझं काम जाणार आहे. एक साधा लॅपटॉप मागितला होता. त्या दिवशी घेऊन टाकला असता तर आज मी त्याच्यावर बसून संच पुरा केला असता. तुम्ही तुलना करत बसा. आयुष्यभर तेच केलंत."

हे शेवटचं बोलायला नको होतं. सासऱ्यांना असं कुणी बोलत नाही, आणि मीही त्याआधी कधी बोलले नव्हते. बाबांनी पेपराची घडी घातली. चिडले नाहीत. म्हणाले, "पायरी गेली कशी, ते आठवतंय का तुला?"

"काय फरक पडतो?"

"फरक पडतो. माल परत आला की आधी दोष शोधायचा. ती पायरी काढत होतीस तेव्हा काय झालं?"

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. त्या पायरीच्या वेळी कुणीतरी हाक मारली असणार, पण कुणी आणि कशासाठी ते कसं आठवणार? तशा हाका दिवसभर चालू असतात, पंख्याच्या आवाजाकडे जसं लक्ष जात नाही तसं त्यांच्याकडेही जात नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा टेबलाशी आले नाहीत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. पेपर हातात होता पण पान उलटत नव्हतं. मी पैलवानावर दुसरा मजला पुन्हा काढत होते. पाठीत त्यांची नजर जाणवत होती आणि मला वाटत होतं, आता मशिनच्या पंख्याचा आवाज मोजत असतील. मध्येच मी उठून चिमणीची वेणी घातली, दारावर आलेलं पार्सल घेतलं, नवऱ्याचा फोन आला की त्याच्या औषधाच्या दुकानाची किल्ली घरी राहिलीय का, ती शोधली. बाबांनी स्वतः एकदा "सूनबाई, माझा चष्मा" म्हटलं, मी तो फ्रिजवरून काढून दिला. जेवायची वेळ झाली तेव्हा पैलवानाला दोन्ही हातांनी उचलून पलंगावर ठेवलं आणि जेवण झाल्यावर परत आणलं. संध्याकाळपर्यंत अर्धा मजला झाला.

चहाच्या वेळी नवरा आला. बाबा म्हणाले, "बसा दोघं. निकाल लागलाय."

मी कंबर कसून बसले. कुठलाही लॅपटॉप घ्या पण एकदाचा घ्या, असं म्हणायची तयारी केली होती.

"तिन्ही मशिनं चांगली आहेत," बाबा म्हणाले. "दोष एकातही नाही. मी उगाच मशिनाकडे बघत होतो. आज सूनबाईकडे बघितलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ती एकदाही मशिनमुळे उठली नाही. उठली ती आपल्यामुळे. तुझ्यामुळे, चिमणीमुळे, आणि सगळ्यात जास्त माझ्यामुळे. माझा चष्मा फ्रिजवर असतो हे मला ठाऊक होतं. तरी मी हाक मारली. सवय."

नवरा म्हणाला, "बाबा, घर म्हटलं की..."

"थांब, मला बोलू दे. सूनबाई, तुला जावई का हवा? हलका म्हणून. हलका का हवा? उचलून पळता यावं म्हणून. बॅटरी का हवी? एका जागी बसता येत नाही म्हणून. म्हणजे आपण त्या चंदेरी मशिनची एवढी किंमत कशासाठी मोजणार? आपल्या हाका सोसाव्यात म्हणून. तेवढ्यासाठी पैसे मोजण्यात काय हशील आहे?"

चिमणी होतकरूवर चित्रं काढत होती.

मग बाबा हळू म्हणाले, "टाइपरायटरही चांगलाच होता."

नवऱ्यानं मान वर केली.

"मी त्या कंपनीला इतकी वर्षं शिव्या घातल्या. मेकॅनिक म्हणाला दोष नाही, तर मी त्यालाही मूर्खात काढलं. तुझ्या आईनं ते मशिन कुठे ठेवलं होतं, आठवतं का तुला? याच टेबलावर. दोन्ही वेळा जेवायला ते उचलून खाली ठेवावं लागायचं. लोखंडाचं धूड होतं ते. दर वेळी आत कागद अर्धा लिहिलेला. मीच म्हणायचो, अगं ते उचल, पानं घ्यायचीत." बाबांनी टेबलावरून हात फिरवला. "तिनं कधी तक्रार केली नाही. मला वाटलं मशिनच हातात बसत नाही तिच्या."

कालचं माझं बोलणं मलाच टोचायला लागलं. मी म्हटलं, "बाबा, मी काल जे बोलले..."

"बरोबर बोललीस. तुलनाच करत बसलो. पण चुकीच्या गोष्टींची." ते उठले. "आता ऐका. पैलवान घ्यायचा. तो जड आहे तर असू दे, त्याला कुठे न्यायचंच नाही. तो टिकेल, त्याची बटणं सुटी मिळतात, आणि स्क्रीन मोठी आहे, जिना पुरा दिसतो. जावई परत पाठवा, होतकरू दुकानात द्या. उरलेल्या पैशात चांगली खुर्ची. आणि कामाचं वेगळं टेबल माझ्या खोलीत लागेल, खिडकीखाली. मी बाहेरच्या दिवाणावर येतोय."

आमच्या घरात बाबांची ती खोली एकटीच नीट उजेडाची. सासूबाईंचा आणि त्यांचा सगळा संसार तिथे झाला. मी नाही म्हटलं, नवरा नाही म्हणाला, मी तर रडवेलीच झाले. बाबांनी हात वर केला. "मला काय ड्रॉइंग काढायचीत? झोपायला दिवाण पुरतो. आणि आता वाद नको, ऑर्डर निघालीये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कपाट रिकामं केलं. आपले सदरे बाहेरच्या खोलीत हलवले, रेडिओ दिवाणाच्या उशाशी ठेवला. नवऱ्यानं आणि मी टेबल आत नेलं, पैलवानाला त्यावर बसवलं. त्याची वायर भिंतीतल्या प्लगला लागली आणि तो प्रश्न मिटला. खोलीत बसून बघितलं तर एकच गोष्ट नव्हती. त्या दाराला आतून कडीच नव्हती. कधी गरजच पडली नव्हती.

बाबा बाजारात गेले आणि तीन कड्या घेऊन आले. तळहातावर मांडून माझ्यापुढे धरल्या. एक पितळी, एक पोलादी, एक साधी लोखंडी. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू आवरेना.

"पोलादी," मी म्हटलं.

"माझंही तेच मत," ते म्हणाले. "पितळी नुसती दिसायला."

सुतारानं कडी बसवली आणि बाबा चाचणीला उभे राहिले. मला आत घातलं आणि दार ओढून घेतलं. "लाव आतून. लागली? आता मी हाक मारतो. उघडायचं नाही." मी आत उभी. बाहेरून आवाज आला, "सूनबाई, चहा." मी गप्प. "सूनबाई, चिमणीचा बूट सापडत नाही." मी गप्प. "सूनबाई, तुझ्या नवऱ्याचा फोन आहे, तातडीचा." मी तोंडावर हात ठेवला होता, हसत होते की रडत होते मलाच कळत नव्हतं. मग बाहेरून समाधानाचा आवाज आला, "पास." आणि पावलं निघून गेली.

मी त्या खोलीत बसले आणि पहिल्यांदा मला अख्खा जिना डोक्यात एकदम दिसला, तळापासून गच्चीपर्यंत. नोकरी सुटल्यापासून असं झालं नव्हतं. पायरी मोजून पायरी ठेवत गेले. सोमवारी संच पाठवला. मॅडमचा निरोप आला, 'पायऱ्या मोजल्या. बरोबर आहेत. पुढची इमारत पाठवते.' मी तो निरोप बाबांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला, आणि मग पैलवानाच्या पाठीवर थाप मारून आले.

या कामाबद्दल मी पुष्कळ जणांची ऋणी आहे. सुटे भाग न विकणाऱ्या दुरुस्तीवाल्याची, दुसरी संधी देणाऱ्या मॅडमची, नवरा असूनही मोजे स्वतः शोधायला शिकलेल्या माझ्या नवऱ्याची. सासूबाईंचीही आहे, ज्यांना मी कधी पाहिलं नाही. त्यांचं अर्धं टाइप केलेलं पान जेवणाच्या टेबलावरून उचललं गेलं, म्हणून माझं टेबल आता कुणी उचलत नाही.

परवाचीच गोष्ट. नव्या इमारतीचा जिना चालू होता, कडी लावलेली होती. बाहेर बाबांची पावलं घरभर फिरत होती. दिवाणाशी गेली, कपाटाशी गेली, परत आली. मग दारापाशी थांबली आणि हाक आली, "सून..."

तिथेच थांबली. पुढचा शब्द त्यांनी गिळला. मग पावलं हळूहळू स्वयंपाकघराकडे वळली.

चष्मा फ्रिजवर होता. मला ठाऊक होतं. मी उठले नाही. मी पुढची पायरी काढली.